द्राक्षाच्या चोथ्यावर धावणाऱ्या शर्यतीच्या गाड्या, आणि आपलं नाशिक

घाटवाट

ले माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आणि ती ज्या जागतिक एन्ड्युरन्स स्पर्धेचा भाग आहे त्या स्पर्धेत २०२२ पासून खनिज तेलाचं पेट्रोल वापरत नाहीत. टोटालएनर्जीज ही फ्रेंच कंपनी तिथल्या गाड्यांना जे इंधन पुरवते, ते वाइन तयार झाल्यावर उरणाऱ्या मालापासून बनतं. द्राक्षाच्या साली-बियांचा चोथा आणि टाकीच्या तळाशी बसणारा गाळ यांतून अल्कोहोल काढतात, लिआँजवळच्या रिफायनरीत त्यावर पुढची प्रक्रिया होते आणि शर्यतीचं इंधन तयार होतं. खनिज पेट्रोलच्या तुलनेत कार्बन उत्सर्जन किमान ६५ टक्क्यांनी कमी, असा कंपनीचा दावा आहे.

ही बातमी नाशिककराने दोनदा वाचावी अशी आहे. विंचूरला वाइन पार्क आहे, दिंडोरीपासून गंगापूर धरणापर्यंत वायनऱ्या आहेत, 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन आहे. हंगामात क्रशिंग सुरू झालं की चोथ्याचे ढीग लागतात आणि त्यातला बराचसा खतात जातो. शिवाय दिंडोरीत कादवा साखर कारखाना, येवला-मालेगाव पट्ट्यात मका, सातपूरला डिझेल इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारे भाग) आणि नोझल बनवणारा बॉशचा कारखाना. कच्चा माल आणि इंधन जाळण्याची विद्या दोन्ही एकाच जिल्ह्यात आहेत. वेगवान गाड्यांच्या इंधनाचा विषय मला इथे काढावासा वाटला तो यासाठी.

माझं मत आधीच सांगतो. सरळ रस्त्यावरच्या वेगात विजेने पेट्रोलला केव्हाच मागे टाकलंय. महिंद्रा समूहाच्या मालकीच्या ऑटोमोबिली पिनिनफरिनाची 'बतिस्ता' पाहा: १९०० अश्वशक्ती, शून्य ते शंभर दोन सेकंदांच्या आत. रोज कॉलेज रोड ते अंबड करणाऱ्या गाडीलाही वीजच योग्य. मग इंजिन कुठे उरेल? जिथे गाडी हलकी असणं, वळणावर ती हाताला कळणं आणि इंजिनशी नातं असणं महत्त्वाचं आहे तिथे. अशा गाड्या थोड्याच असणार, त्यामुळे त्यांना इंधनही थोडंच लागणार. टाकाऊ मालापासून बनणारं इंधन मुळातच थोडं असतं. हे दोन 'थोडं' एकमेकांना जुळतात, आणि माझ्या मते या गाड्यांचं भविष्य तिथेच आहे.

आता इथेनॉलबद्दल, म्हणजे चोथ्यातून निघणाऱ्या त्याच अल्कोहोलबद्दल. आपल्याकडे या शब्दाचा अर्थ 'अ‍ॅव्हरेज कमी करणारं पाणीदार पेट्रोल' असा होऊन बसलाय, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, हे खरं. पण इंजिनाची ताकद ठरते ती सिलिंडरमध्ये किती हवा जाते त्यावर. एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला फक्त ९ किलो. तेवढ्याच हवेत इथेनॉल जास्त टाकता येतं, आणि हिशेब केला तर एक किलो हवेमागे मिळणारी ऊर्जा दोन्हींची जवळजवळ सारखी निघते, इथेनॉलची किंचित जास्तच.

खरी गंमत त्यापुढे आहे. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या अडीच पट उष्णता लागते, आणि ते टाकायचंही जास्त असतं. त्यामुळे आत येणारी हवा ते पेट्रोलच्या जवळपास चौपट थंड करतं. त्यात ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली अवेळी पेट न घेण्याची इंधनाची ताकद, १०८ च्या आसपास. म्हणजे नॉकिंगची (मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोकण्याची) भीती कमी, हवा कोंबणाऱ्या टर्बोचा दाब वाढवता येतो, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबण्याचं प्रमाण) वाढवता येतं, ठिणगी लवकर पाडता येते. स्वीडनच्या कोनिगसेग कंपनीची सीसीएक्स पेट्रोलवर ८०६ अश्वशक्ती द्यायची, तिचीच सीसीएक्सआर ई८५ वर (८५ टक्के इथेनॉल, बाकी पेट्रोल) १०१८. पुढे आलेली जेस्को पेट्रोलवर १२८०, ई८५ वर १६००.

आपल्या पंपांवरच्या ई२० मध्ये (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) अ‍ॅव्हरेज घटल्याचं दिसतं पण फायदा दिसत नाही, कारण आपली बहुतेक इंजिनं पेट्रोलसाठी आखलेली आहेत. साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ९१ होता, ई२० चा ९५ च्या घरात आहे. ऑक्टेनचे हे वरचे चार आकडे वापरणारं कॉम्प्रेशनच इंजिनात नसेल, तर ते पैसे पाण्यात. इंधन आणि इंजिन बरोबर आखलं गेलं पाहिजे. ब्राझीलने १९७५ मध्ये अल्कोहोलचा कार्यक्रम सुरू केला, १९७९ मध्ये निव्वळ अल्कोहोलवरची फियाट १४७ रस्त्यावर आणली आणि २००३ मध्ये फोक्सवॅगन गोल ही कोणत्याही मिश्रणावर चालणारी गाडी. क्रम बघा. गाड्या आल्या आणि लोकांनी इंधन आपणहून निवडलं.

जाणकारांनी लिहा. विशेषतः बागायतदार आणि सातपूर-अंबडचे लोक.

नोझलमास्तर

चांगला धागा. इंजेक्शनच्या कामात आयुष्य गेलं, म्हणून थोडी भर घालतो.

ई८५ वर जायचं तर इंजेक्टरमधून साधारण तीस ते पस्तीस टक्के जास्त इंधन जायला हवं. नुसता मॅप (किती इंधन केव्हा टाकायचं याचा संगणकातला तक्ता) बदलून भागत नाही. इंजेक्टर, पंप, कधी कधी लाइनसुद्धा मोठी लागते. नाहीतर वरच्या आरपीएमला मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, आणि पिस्टनला भोक पडतं. 'चिप टाकून ई८५ करून देतो' म्हणणाऱ्यांपासून लांब राहा.

दुसरं म्हणजे इथेनॉल कोरडं असतं, त्याला वंगणाचा गुण कमी. ते हवेतलं पाणी ओढतं. त्यामुळे इंजेक्टरची नीडल (सुई) आणि सीट (तिची बैठक) झिजतात, गंज येतो. सील चुकीच्या रबराचा असेल तर फुगतो. यावर उपाय आहेत, ब्राझीलमध्ये ते वर्षानुवर्षं वापरात आहेत, पण ते गाडी बनतानाच करायचे असतात.

तिसरं, टाकीत नक्की किती टक्के इथेनॉल आहे हे गाडीला कळायला हवं. त्यासाठी लाइनमध्ये सेन्सर बसतो. पेट्रोल आणि इथेनॉलचे विजेचे गुणधर्म खूप वेगळे आहेत, परावैद्युत स्थिरांक पेट्रोलचा सुमारे २ आणि इथेनॉलचा २४. त्यावरून सेन्सर प्रमाण ओळखतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्याप्रमाणे इंधन नि ठिणगीचं टायमिंग बदलतो.

नाशिकबद्दल बोललात ते पटलं. डिझेलच्या कॉमन रेलमध्ये दाब दोन हजार बारच्या वर जातो. पेट्रोलच्या थेट इंजेक्शनमध्ये तो साडेतीनशेच्या आसपास. मायक्रॉनमध्ये भोकं पाडणारे हात ज्या शहरात आहेत, त्या शहराला इथेनॉलचा इंजेक्टर अवघड नाही. डिझेल गाड्या कमी होत चालल्यात तेव्हा हे कौशल्य कुठे वळवायचं हा प्रश्न सातपूरच्या प्रत्येक घरात आहे.

विजेवरचा

घाटवाट, लेख आवडला, पण काही गोष्टी स्पष्ट बोलायला हव्यात.

तुम्ही फक्त जैवइंधनावर लिहिलंत. त्याच रांगेत हवेतल्या कार्बनपासून बनवलेलं कृत्रिम पेट्रोलही आहे. पोर्शने भागीदारांबरोबर चिलीच्या दक्षिण टोकाला, पुंता अरेनासजवळ, 'हारू ओनी' हा प्रायोगिक प्रकल्प उभारला. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या पेट्रोलवर ९११ चालवून दाखवली. वारा भरपूर, पवनचक्कीच्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढायचा, कार्बन डायऑक्साइडशी जोडून मिथेनॉल करायचं, त्याचं पेट्रोल. ऐकायला सुंदर. पण प्रायोगिक टप्प्याची क्षमता वर्षाला १ लाख ३० हजार लिटर, म्हणजे एखाद्या वाहत्या हायवे पंपाचा काही आठवड्यांचा खप. आणि शंभर युनिट वीज घातली तर चाकापर्यंत पंधराच्या आसपास पोचते. तीच वीज बॅटरीत भरली तर सत्तरच्या घरात.

हे गणित कुठल्याही भावनेने बदलत नाही. समृद्धीवर १२० ने आवाज न करता जाणारी गाडी चालवून बघा, मग बोलू.

घाटवाट

विजेवरचा, गणित तुमचं बरोबर आहे, आणि म्हणूनच मी इंधन 'थोडं' लागेल म्हणालो. लाखो गाड्यांसाठी कृत्रिम पेट्रोल हा वेडेपणा ठरेल.

पण दुसरंही गणित आहे. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ युनिट ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये साडेसात. गाडीच्या बॅटरी पॅकमध्ये किलोमागे एक षष्ठांश युनिटही जेमतेम. मोटर इंजिनापेक्षा कितीतरी कार्यक्षम आहे हे धरूनही वजनाचा फरक उरतो. चारशे-पाचशे किलोची बॅटरी समृद्धीवर जाणवत नाही. त्र्यंबक-जव्हारच्या वळणांवर, किंवा सापुताऱ्याला चढताना, प्रत्येक ब्रेकला ती जाणवते. हलक्या गाडीला टायर, ब्रेक, सस्पेन्शन सगळं हलकं चालतं. वेग म्हणजे फक्त शून्य ते शंभर असं ज्यांना वाटत नाही, त्यांच्यासाठी हा धागा आहे.

शर्यतींनी कोणता रस्ता धरलाय तेही बघा. फॉर्म्युला वनच्या २०२६ च्या नियमांत जवळपास निम्मी ताकद विजेची आणि इंधन पूर्णपणे शाश्वत प्रकारचं. जागतिक रॅली स्पर्धेने २०२२ मध्ये खनिज नसलेलं इंधन आणलं, सोबत हायब्रिडही आणलं. २०२५ मध्ये हायब्रिड काढून टाकलं, ते इंधन मात्र ठेवलं. अमेरिकेच्या इंडीकार शर्यतींत २०२३ पासून उसाच्या इथेनॉलवर आधारलेलं नवीकरणीय इंधन आहे.

निफाडकर

आमच्या निफाडच्या थंडीत अशी गाडी सकाळी सुरू होईल का? पारा पाच अंशांवर येतो कधी कधी.

नोझलमास्तर

निफाडकर, नेमका प्रश्न. निव्वळ इथेनॉलची पेटण्याइतकी वाफ व्हायला तापमान १३ अंशांच्या वर लागतं. त्याखाली ठिणगी पडते पण पेटायला वाफ नसते. ब्राझीलच्या जुन्या गाड्यांत बॉनेटखाली पेट्रोलची छोटी टाकी असायची, सुरू होण्यापुरती. आता इंधनाची रेल (इंजेक्टरना इंधन पोचवणारी नळी) आधी तापवतात. ई८५ मध्ये १५ टक्के पेट्रोल ठेवतात त्यामागचं मोठं कारण हेच. ई८५ वर निफाडची सकाळ निघून जाईल, ई१०० वर तापवायची सोय लागेल.

येवल्याची_लेक

मी गाड्यांतली नाही, शेतीतली आहे. पण या चर्चेत पाणी कुठेच आलं नाही म्हणून लिहिते.

नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल आराखड्यातच दिलंय की उसापासून एक लिटर इथेनॉल म्हणजे सुमारे २८६० लिटर पाणी. त्याच कागदात हेही आहे की एक टन उसातून सत्तर लिटर इथेनॉल मिळतं. माझ्या माहेरी मार्चपासून टँकरची वाट बघतात. तिथे उभं राहून कोणी मला 'हरित इंधन' म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही.

मक्याचंही सरळ नाही. डिस्टिलऱ्या मका घेऊ लागल्या, आमच्याकडे भाव बरा मिळाला, त्याचा आनंद आहे. पण कोंबडीचं खाद्य त्याच मक्याचं आहे, त्यामुळे पोल्ट्रीवाल्या भावांचं गणित बिघडलं. एकाच कणसावर दोघांचा डोळा आहे. शौकाच्या गाड्यांसाठी यात तिसरा भागीदार नको.

घाटवाट

ताई, तुमचं म्हणणं या धाग्याचा गाभाच आहे. शौकाच्या गाडीसाठी पाण्यावरचं पीक घेऊ नये, यावर माझं काही दुमत नाही. म्हणून तर ऊस-मका सोडून मी चोथ्यापासून सुरुवात केली. द्राक्षाला दिलेलं पाणी द्राक्षासाठी दिलेलं असतं, चोथा त्यानंतर उरतो. पानिपतला इंडियन ऑइलने २०२२ मध्ये भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करायचा प्रकल्प सुरू केला, दिवसाला एक लाख लिटर क्षमतेचा. त्या जातीचं इंधन मला अभिप्रेत आहे.

पिंपळगावचा_बागायतदार

घाटवाट दादा, बागेतला हिशेब सांगतो, म्हणजे उत्साहाला आकडा मिळेल.

एक टन द्राक्ष दाबलं की दोनशे ते अडीचशे किलो चोथा निघतो. लाल वाइनचा चोथा रसाबरोबर आंबलेला असतो, त्यात अल्कोहोल तयारच असतं. पांढऱ्या वाइनचा चोथा आंबायच्या आधी दाबून काढतात, त्यात साखर असते, ती वेगळी आंबवावी लागते. दोन्ही लवकर खराब होतात. उन्हात दोन दिवस पडला की व्हिनेगरचा वास येतो आणि अल्कोहोल गेलं. फ्रान्समध्ये हे जमतं कारण तिथे वाइनवाल्यांनी चोथा आणि गाळ डिस्टिलरीकडे पाठवायची नियमाने पडलेली जुनी पद्धत आहे, सहकारी डिस्टिलऱ्या आहेत. आपल्याकडे तो गोळा करणारंच कोणी नाही.

पण चोथ्यापेक्षा मोठी गोष्ट तुमच्या नजरेतून सुटतेय. आपल्या जिल्ह्यात वाइनची द्राक्षं थोडी, खायची द्राक्षं अफाट. फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी झाला की मणी तडकतात. एक्स्पोर्टचा व्यापारी फिरकत नाही, लोकलवाला पडेल भावात मागतो, बेदाण्याला घालावा तर ढगाळ हवेत माल काळा पडतो. शेवटी बांधावर ओततात. ते बघवत नाही, भो. सतरा टक्के साखरेचा माल धरला तर टनात १७० किलो साखर. कागदावर त्याचं ११० लिटरच्या आसपास अल्कोहोल होतं, प्रत्यक्षात शंभरच्या आतबाहेर धरा. तुमच्या ताईंनी उसाचा आकडा दिला, टनाला सत्तर. तडकलेलं द्राक्ष उसाच्या पुढे आहे.

भाव कमीच मिळणार हे मला माहीत आहे. पण तोडणीची मजुरी आणि वाहतूक निघाली तरी त्या वर्षी बांधावर ओतावं लागणार नाही.

विजेवरचा

बागायतदार दादा, हा मुद्दा माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. याला माझा पूर्ण पाठिंबा. मग ते इथेनॉल शर्यतीत जळो की आणखी कुठे.

जुनी_टर्बो

एक बाजूचा प्रश्न. माझ्याकडे २०१४ ची टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे, जीव आहे तिच्यावर. आता सगळीकडे ई२० च मिळतं. अ‍ॅव्हरेज कमी झालंय, थंड इंजिनाला अडखळते. विकायची नाहीये. काय करू? आणि हायड्रोजनवर जुनी इंजिनं चालतात असं ऐकलं, ते खरं का?

नोझलमास्तर

जुनी_टर्बो, नीती आयोगाच्याच आराखड्यात दिलंय की जुन्या, कमी मिश्रणासाठी बनलेल्या चारचाकीत ई२० ने कार्यक्षमता सहा-सात टक्के घटते, त्यामुळे अ‍ॅव्हरेजचा फरक अपेक्षितच आहे. अडखळण्याकडे मात्र दुर्लक्ष नको. इंधनाच्या रबरी नळ्या आणि ओ-रिंग तपासा, हाताला चिकट किंवा फुगलेल्या लागल्या तर इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घाला. फिल्टर लवकर बदला, कारण इथेनॉल टाकीतला जुना थर सोडवून पुढे ढकलतं. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल तर टाकी भरून ठेवा, रिकाम्या टाकीतली दमट हवा पाणी सोडते. फ्युएल ट्रिम (संगणक आपणहून किती टक्के इंधन वाढवतो-घटवतो तो आकडा) स्कॅनरवर बघा. पंधरा-वीस टक्के प्लसला अडकली असेल तर इंजेक्टर साफ करायला आलेत.

हायड्रोजनबद्दल: टोयोटाने २०२१ मध्ये फुजीच्या चोवीस तासांच्या शर्यतीत १.६ लिटरच्या तीन सिलिंडर टर्बो इंजिनावर हायड्रोजन जाळून कोरोला धावती ठेवली, २०२३ मध्ये द्रव हायड्रोजनवर. म्हणजे इंजिन चालतं. अडचण टाकीची आहे. द्रव करायचा तर उणे २५३ अंश, वायू ठेवायचा तर ७०० बार, आणि इतकं करून लिटरमागे ऊर्जा द्रवात पेट्रोलच्या पाव भागाएवढी, वायूत त्याहूनही कमी. तुमच्या हॅचबॅकसाठी तो मार्ग नाही.

घाटवाट

जुनी_टर्बो, मास्तर म्हणतात तसंच करा. अशा गाड्या टिकल्या पाहिजेत.

इंधनाच्या उपलब्धतेबद्दल: इंडियन ऑइलने मार्च २०२४ मध्ये 'इथेनॉल १००' महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या १८३ पंपांवर आणलं. होंडाने त्याच वर्षी ई८५ पर्यंत चालणारी सीबी३००एफ आणली, टीव्हीएसने तर २०१९ मध्येच इथेनॉलवरची अपाचे काढली होती. चारचाकीत टोयोटाने २०२३ मध्ये फ्लेक्स-फ्युएल (वेगवेगळ्या मिश्रणांवर चालणाऱ्या) इनोव्हा हायक्रॉसचा नमुना दाखवला. तुमच्या-माझ्या आवाक्यातली, उच्च कॉम्प्रेशनची, हजार किलोच्या आतली इथेनॉल हॅचबॅक कोणी बनवायला घेतली, तर मी पहिल्या दिवशी बुकिंग करेन. काही वर्षांपूर्वी राष्ट्रीय रॅली स्पर्धेची फेरी नाशिकला व्हायची. ती पुन्हा झाली आणि त्यात एक वर्ग फक्त टाकाऊ मालाच्या इथेनॉलवरचा ठेवला, तर गाड्या बनवणाऱ्यांना कारण मिळेल.

बागायतदार दादा, तुमच्या तडकलेल्या मालाचं पुढे नेऊया. डिस्टिलरी आपण टाकू शकत नाही, अल्कोहोल काढायला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो आणि तो असायलाच हवा. म्हणजे जिथे परवाना आणि टाक्या आहेत तिथे माल नेणं हाच मार्ग.

पिंपळगावचा_बागायतदार

बरोबर. पण मळीवर चालणारा प्लांट सालं-बिया घेत नाही, पाइप तुंबतात. मणी आधी दाबून फक्त रस टँकरने न्यावा लागेल. चोथा असेल तर पाण्याने धुऊन ते पाणी न्यायचं. दाबायची मशिनं वायनऱ्यांकडे आहेत, पण अवकाळीच्या दिवसांत त्यांचाच हंगाम चालू असतो. मशीन रात्री मोकळं मिळेल का, हे ओळखीच्या दोन वायनऱ्यांत विचारतो. कादवाकडे कोणाची ओळख असेल तर त्यांनी रसाबद्दल विचारा: किती साखरेचा चालेल, आणि एका वेळी कमीत कमी किती टँकर लागतील.

येवल्याची_लेक

कादवातलं मी विचारते. मामा तिथले सभासद आहेत.